नकाशाबाहेर टाकलेलें गांव

टस्कीगी हें नांव मराठी घरांतून अपरिचित नाहीं. वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' हें पुस्तक १९८१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून अमेरिकेंतील अ‍ॅलाबामा राज्यांतल्या त्या लहानशा गांवाविषयीं, तेथील भुईमुगाच्या व रताळ्याच्या प्रयोगांविषयीं, आणि बुकर वॉशिंग्टन यांनीं १८८१ सालीं उभारलेल्या तेथील विद्यासंस्थेविषयीं आमच्याकडील शाळकरी मुलेंहि जिव्हाळ्यानें बोलूं लागलीं. परंतु १९४३ सालीं कार्व्हर वारले, त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनीं, ज्या आवारांत त्यांची समाधि आहे तें सबंध आवार एक वीटहि न हलवितां टस्कीगी शहराच्या बाहेर काढण्यांत आलें, ही हकीकत आमच्यापैकीं फारच थोड्यांच्या कानीं आली असेल. तें आवार कायद्यानें बाहेर गेलें आणि कायद्यानेंच परत आंत आलें. तें परत आणण्याची फिर्याद ज्यांनीं चालविली, त्या फ्रेड ग्रे यांचें 'बस राइड टु जस्टिस' हें आत्मचरित्र आज आम्ही विचारासाठीं घेत आहों. पुस्तक प्रथम १९९५ सालीं निघालें व त्याची सुधारलेली आवृत्ति २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हां तें नवें नव्हे. तथापि मताधिकारासाठीं झगडणारा वकील नेमकें काय करतो, हें ज्यास समजून घ्यावयाचें आहे त्यास याहून चांगलें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. आमची पहिली तक्रार एवढीच कीं, पुस्तकाच्या नांवानेंच वाचकाचें लक्ष दुसरीकडे वळविलें आहे.

नांवांतली ती बस माँटगोमेरी शहरची. ग्रे यांचा जन्म तेथेंच १९३० सालीं झाला. ते दोन वर्षांचे असतां वडील वारले. आईनें पांच मुलांचा सांभाळ केला आणि धाकट्याला धर्मोपदेशक करण्याच्या इराद्यानें बाराव्या वर्षीं नॅशव्हिल येथील धार्मिक शाळेंत धाडलें. उपदेशक तर ते झालेच. परंतु पुढें माँटगोमेरींतील कॉलेजांत शिकत असतां दिवसांतून अनेक वेळां बसनें जावें-यावें लागे, आणि त्या बसमध्यें आपल्या माणसांचा जो पाणउतारा डोळ्यांदेखत चाले, त्यामुळें त्यांनीं मनाशीं एक गुप्त निश्चय केला. कायदा शिकावयाचा, याच गांवीं परत यावयाचें आणि वर्णभेदावर उभें असलेलें जें जें दिसेल तें तें पाडावयाचें. अ‍ॅलाबामाचें राजकीय विद्यापीठ कृष्णवर्णीयांस घेत नसे. त्यांनीं परराज्यांत जाऊन शिकावें म्हणून राज्यच त्यांस द्रव्यसाहाय्य देई. ग्रे ओहायोंतील क्लीव्हलंडला गेले व १९५४ सालीं वकील होऊन परतले. ज्या राज्यानें त्यांस आपल्या दारांतून घालविलें, त्याच राज्याला पुढें अर्धें शतक त्यांनीं न्यायालयांत उभें केलें, हा योग एखाद्या नाटककारासहि सुचला नसता.

रोझा पार्क्स यांची हकीकत जगजाहीर आहे. ती आम्ही येथें पुन्हा सांगत बसत नाहीं. १ डिसेंबर १९५५ रोजीं दुपारीं त्या व ग्रे एकत्र जेवले आणि संध्याकाळीं पार्क्सबाईंना अटक झाली, तेव्हां ग्रे गांवांत नव्हते, एवढें या पुस्तकावरून कळतें. पण त्या प्रकरणांतील एक गोष्ट मात्र वकिलाच्या बुद्धीची म्हणून लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बसमधील वर्णभेद ज्या फिर्यादीनें १९५६ सालीं कायमचा मोडला, तींत रोझा पार्क्स यांचें नांव वादी म्हणून नाहींच. त्यांच्यावरचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत चालू होता. ते दोन धागे एकमेकांत गुंतूं नयेत म्हणून ग्रे यांनीं क्लॉडेट कोल्व्हिन प्रभृति दुसऱ्या स्त्रियांस पुढें केलें. सगळें जग जिच्या नांवाचा जयघोष करीत होतें तिला बाजूस ठेवण्याचें धैर्य पंचवीस वर्षांच्या वकिलास झालें. सरकारी बाजूनें याचा वचपा कसा काढला हेंहि वाचण्यासारखें आहे. धर्मोपदेशक म्हणून लष्करी भरतींतून मिळालेली सूट, फिर्याद दाखल होतांच, एकाएकीं काढून घेण्यांत आली. वॉशिंग्टनमधील वरिष्ठांनीं मध्यें पडून ती भरती थांबविली नसती, तर या चरित्राचा पुढचा भाग लिहिला गेला नसता.

हें सगळें खरें आणि मोठें. तरी आमच्या मतें ग्रे यांच्या कर्तृत्वाचा गाभा टस्कीगीच्या नकाशांत आहे.

त्या गांवची स्थिति मोठी विलक्षण होती. तेथें कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांच्या चौपट. पाहणीप्रमाणें सुमारें ५,४०० विरुद्ध १,३००. शिवाय ती अडाणी प्रजा नव्हे. विद्यासंस्थेंतील प्राध्यापक आणि माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर हे तेथले रहिवासी. दक्षिणेंत इतर ठिकाणीं 'हे लोक शिकलेले नाहींत म्हणून मत देण्यास अपात्र' असें म्हणण्याची सोय होती. येथें ती उरली नव्हती. तेव्हां नोंदणीचें काम पाहणारें मंडळ कधीं बैठकच भरवीत नसे, कधीं मंडळांतील सभासद राजीनामे देऊन मंडळच नाहींसें करीत, आणि कधीं विद्वान् अर्जदारांकडून घटनेचे उतारेच्या उतारे नकलून घेऊन शेवटीं त्यांस परत पाठवीत. आमच्या देशांत घटनेच्या ३२६ व्या कलमानें प्रौढ स्त्रीपुरुषांस सरसकट मत मिळालें आणि १९५१-५२ सालीं तें वापरलेंहि गेलें. त्यामुळें मत हें वयाबरोबर आपोआप येतें अशी आमची समजूत झालेली आहे. पदवीधर माणूस नोंदणीसाठीं वर्षानुवर्षें त्याच कचेरीच्या पायऱ्या झिजवितो, हें चित्र त्यामुळें आम्हांस प्रथम खरेंच वाटत नाहीं.

इतकें करूनहि १९५७ पर्यंत शहरांत सुमारें ४०० कृष्णवर्णीय मतदार झाले होते आणि गोऱ्यांचे मतदार सुमारें ६००. हा आंकडा आणखी कांहीं वर्षांनीं उलटणार, हें शाळेंतल्या पोरालाहि दिसत होतें. मग सॅम एंगलहार्ट या तेथल्या सिनेट-सभासदानें विधिमंडळांत एक स्थानिक कायदा मांडला व तो त्याच वर्षीं जुलैमध्यें अमलांत आला. त्यांत वर्णाचा उल्लेख नाहीं, मतदानाचा नाहीं, कोणाचाच नाहीं. केवळ दिशा, अंतरें आणि हद्दी. पूर्वीं टस्कीगी शहर चौकोनी होतें; आतां तें अठ्ठावीस बाजूंचें झालें. ती वेडीवांकडी रेघ अशा बेतानें फिरविली होती कीं, चारशें कृष्णवर्णीय मतदारांपैकीं चार-पांच सोडून बाकीचे सारे शहराबाहेर पडले, आणि गोरा मतदार मात्र एकहि बाहेर गेला नाहीं. कार्व्हर यांची संस्था संपूर्ण बाहेर. एवढ्यानेंहि समाधान न होऊन, सबंध काउंटीच मोडून शेजारच्या काउंट्यांना वांटून टाकण्याची मुभा देणारी दुरुस्ती राज्यांतील मतदारांनीं डिसेंबरांत मंजूर केली. ती वापरण्याची पाळी आली नाहीं इतकेंच.

टस्कीगीच्या लोकांनीं याला दोन प्रकारें उत्तर दिलें. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं गोऱ्या दुकानदारांकडील खरेदी थांबविली. 'ज्यांनीं आम्हांस गांवाबाहेर काढलें त्यांच्या दुकानांत गांवाबाहेरच्यांनीं कां जावें?' हा तो सवाल होता. दुसरें उत्तर न्यायालयांत द्यावयाचें होतें आणि तें ग्रे यांच्याकडे आलें. तेथें वाट फार बिकट होती. शहरांच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार राज्यांचा, असें १९०७ पासूनचें मत रूढ होतें. मतदारसंघांच्या आंखणीसारख्या राजकीय रानांत न्यायालयांनीं पाऊल टाकूं नये, असें १९४६ सालीं न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं लिहून ठेवलें होतें. माँटगोमेरींतील न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनीं फिर्याद पुरावा घेण्यापूर्वींच काढून टाकली. हद्दी बदलण्याची सत्ता आपणांस नाहीं असें त्यांनीं सांगितलें. हेच जॉन्सन १९५६ सालीं बसच्या खटल्यांत ग्रे यांच्या बाजूनें निकाल देणाऱ्या दोघांपैकीं एक, आणि पुढें १९६५ सालीं सेल्माच्या मोर्च्याला संरक्षण देणारेहि हेच. न्यायाधीशाची सहानुभूति ही एक गोष्ट आणि त्याच्या हातीं असलेल्या कायद्याचें बळ ही दुसरी, हा भेद येथें जितका स्वच्छ दिसतो तितका अनेक पाठ्यग्रंथांतहि दिसत नाहीं. वरच्या न्यायालयांतहि दोन विरुद्ध एक मतानें ग्रे हरले.

ऑक्टोबर १९६० मध्यें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें उभें राहिलें. रॉबर्ट कार्टर हे अनुभवी वकील बरोबर होते. ग्रे यांस तीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. त्यांनीं न्यायालयांत एक मोठा नकाशा नेला, ज्यांत जुना चौकोन व त्याच्या पोटांत नवी आकृति होती. पुस्तकांतील हा प्रसंग आम्हीं दोनदां वाचला. फ्रँकफर्टर यांनीं विचारलें कीं, यांत टस्कीगीची ती विद्यासंस्था कोठें आहे? ग्रे यांनीं सांगितलें कीं, ती शहरांत नाहीं. न्यायमूर्तींना तें ऐकून विश्वास बसेना. टस्कीगीची संस्था टस्कीगींत नाहीं, असें का तुमचें म्हणणें आहे, असें त्यांनीं पुन्हा विचारलें. 'नाहीं महाराज, तिला वगळलें आहे,' अशा अर्थाचें दोन शब्दांचें उत्तर ग्रे यांनीं दिलें. आमच्या समजुतीप्रमाणें खटला तेथेंच जिंकला गेला. तासभर वक्तृत्व गाजवून जें साधलें नसतें तें प्रतिपक्षाच्याच कागदानें साधलें, आणि हें साधावें अशी मांडणी करून तोंड मिटून उभें राहणें हीच ग्रे यांची खरी विद्या. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं निकाल एकमतानें लागला, व तो लिहिला फ्रँकफर्टर यांनींच. तो नकाशा निकालपत्राला पुरवणी म्हणून जोडलेला आहे. वर्षभराच्या आंत जॉन्सन यांच्याच हुकुमानें जुनी चौकोनी हद्द परत आली.

आतां पुस्तकाच्या गुणदोषांकडे वळूं. ग्रे यांची लेखनपद्धति प्रतिज्ञापत्रासारखी आहे: अमुक दिवशीं अमुक दाखल केलें, अमुक न्यायाधीशापुढें निघालें, असा निकाल झाला. धमक्या आल्या, टपालानें शिव्या आल्या, तरी त्यांचा उल्लेख एखाद्या वाक्यांत होऊन प्रकरण पुढें सरकतें. ज्यांस आत्मचरित्रांत अंतरंगाचें दर्शन हवें असतें, त्यांची येथें निराशा होईल. आम्हांस मात्र ही कोरडी रीत बव्हंशीं भावली. ज्या माणसानें आयुष्यभर न्यायालयाला सांगितलें कीं माझ्या भावना विचारूं नका, हा कागद पाहा, त्यानें म्हातारपणीं वाचकांपुढें निराळा सूर लावला असता, तर तोच कृत्रिम वाटला असता.

परंतु जेथें ही रीत तोकडी पडते तेथें ती तशी पडते, हें सांगितलेंच पाहिजे. गोमिलियन हे ज्या खटल्याचे नांवधारक, त्यांची मूर्ति पुस्तकांत डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं. वर्षानुवर्षें वर्गांत समाजशास्त्र शिकविणारा, स्वभावानें सौम्य असा हा प्राध्यापक, एके दिवशीं आपलें घर शहराबाहेर गेल्याचें पाहतो, तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल? ग्रे यांस तें ठाऊक नसेल असें नाहीं; पण अशील म्हणून भेटलेला माणूस त्यांच्या लेखणींत अशीलच राहतो. हीच उणीव टस्कीगीच्या दुसऱ्या भयंकर प्रकरणांत अधिक जाणवते. तेथील शेंकडों गरीब शेतकऱ्यांना उपदंशावरील औषध जाणूनबुजून न देतां सरकारी डॉक्टरांनीं १९३२ पासून १९७२ पर्यंत त्यांचा 'अभ्यास' केला. त्यांच्यातर्फें ग्रे यांनींच दावा लावला व १९७४ सालीं सुमारें एक कोटि डॉलरांवर तडजोड झाली. त्या प्रकरणावर त्यांनीं पुढें स्वतंत्र पुस्तकहि लिहिलें. येथें आंकडे आहेत, माणसें कमी आहेत.

आमचा दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. टस्कीगीचा विजय किती मोठा होता याची चर्चा होते. तो किती अरुंद होता याची पुरेशी होत नाहीं. फ्रँकफर्टर यांनीं निकाल पंधराव्या घटनादुरुस्तीवर उभारला. वर्णावरून मताधिकार हिरावूं नये असें ती सांगते. न्यायमूर्ति व्हिटेकर यांनीं निकालाला संमति देतांना म्हटलें कीं, बाहेर गेलेल्यांचें मत गेलेलें नाहीं, ते आपल्या नव्या हद्दींत मत देऊं शकतातच. दोष आहे तो वर्णावरून माणसांना कुंपणाबाहेर घालण्याचा, म्हणून आधार चौदाव्या दुरुस्तीचा घ्यावा. हा वाद वरवर पाहतां वकिली वाटतो, पण पुढचा सारा इतिहास त्यांत दडलेला आहे. टस्कीगीचा नकाशा इतका बोलका होता कीं, त्याच्या कर्त्याचा हेतु निराळा सिद्ध करावा लागला नाहीं. पुढच्या नकाशेकारांनीं त्यावरून धडा घेतला तो सज्जनपणाचा नव्हे, तर सफाईचा. रेघा सरळ झाल्या, आकृति सुबक झाल्या, आणि मत काढून घेण्याऐवजीं तें पातळ करण्याची कला वाढली. त्याच अ‍ॅलाबामांतील मोबील शहरांत सबंध शहर मिळून एकच मतदारसंघ ठेवल्यामुळें कृष्णवर्णीय उमेदवार कधींच निवडून येत नसे. परंतु १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथें हेतूचा पुरावा मागितला. काँग्रेसनें १९८२ सालीं कायदा दुरुस्त केला तेव्हां कोठें परिणामावरून न्याय मागण्याची वाट मोकळी झाली. नकाशाला बोलतें करणारा वकील मुक्या नकाशापुढें काय करील, हा प्रश्न ग्रे यांच्याइतक्या अधिकारानें दुसरा कोण हाताळूं शकला असता? म्हणूनच या बाबतींत त्यांचा संयम आम्हांस खटकला.

सेल्माच्या मोर्च्याची हकीकत थोडक्यांत पण चांगली उतरली आहे. ७ मार्च १९६५ रोजीं पुलावर मोर्चेकऱ्यांस झोडपून काढण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं ग्रे यांनीं न्यायालयांत धांव घेतली. १७ तारखेस हुकूम मिळाला. २१ ते २५ मार्च या दिवसांत मोर्चा माँटगोमेरीस पोहोंचला. आणि ६ ऑगस्ट रोजीं मताधिकाराच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्याचें फळ खुद्द ग्रे यांनींहि चाखलें. १९७० सालीं ते अ‍ॅलाबामाच्या विधिमंडळावर निवडून आले; पुनर्रचनेच्या काळानंतर तेथें बसणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीयांपैकीं ते एक. ज्या सभागृहानें टस्कीगीची ती अठ्ठावीस बाजूंची आकृति मंजूर केली होती, त्यांत टस्कीगीचा प्रतिनिधि म्हणून ते जाऊन बसले.

पुस्तकांत एकाच ठिकाणीं लेखकाचा आवाज किंचित् कांपतो. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं १९८० सालीं त्यांचें नांव संघ-न्यायाधीशाच्या जागेसाठीं सुचविलें. विरोध उसळला, महिने गेले, आणि शेवटीं तें नांव मागें घ्यावें लागलें. ती जागा फ्रँक जॉन्सन यांनीं रिकामी केलेली होती, व अखेर ती टस्कीगीचेच सुपुत्र मायरन टॉम्प्सन यांस मिळाली. दुसऱ्याच्या नेमणुकीबद्दल ग्रे मनापासून समाधान दाखवितात. तरीहि जन्मभर ज्या व्यासपीठाकडे तोंड करून बोलावें त्यावर बसण्याची संधि दारापर्यंत येऊन परत गेली, ही बोच लपत नाहीं, आणि ती लपली नाहीं म्हणून हीं पानें पुस्तकांतील उत्तम पानांत गणावीं लागतात. पुढें २००२ सालीं ते त्या राज्याच्या वकीलमंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि २०२२ सालीं देशाचें सर्वोच्च नागरी पदक त्यांस मिळालें. माँटगोमेरींत ज्या रस्त्यावर ते वाढले त्यास गुलामगिरीच्या बाजूनें लढलेल्या संघाचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचें नांव होतें. तें बदलून २०२१ सालीं शहरानें ग्रे यांचें नांव दिलें, तेव्हां जुन्या स्मारकांस हात लावल्याबद्दल राज्यानें शहराकडे पंचवीस हजार डॉलर दंड मागितला!

सुधारलेली आवृत्ति निघाली त्याच वर्षीं, २५ जून २०१३ रोजीं, अ‍ॅलाबामांतीलच शेल्बी काउंटीच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं १९६५ च्या कायद्यांतील एक महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली. पूर्वीं वर्णभेद केल्याचा डाग असलेल्या राज्यांनीं निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, असें ती तरतूद सांगत होती. परवानगी गेली, आणि वकिलाचें काम पुन्हा १९५७ सालच्या जागेवर आलें: आधीं नकाशा निघणार, मग फिर्याद, मग वर्षांची वाट. २०२१ सालीं अ‍ॅलाबामानें लोकसभेचे मतदारसंघ आंखले. सात संघांपैकीं एकांतच कृष्णवर्णीयांचें बहुमत राहिलें, वस्तुतः राज्यांतील लोकांत त्यांचें प्रमाण चतुर्थांशाहून अधिक होतें. फिर्याद झाली, जून २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं फिर्यादींची बाजू मान्य केली, तरीहि विधिमंडळानें जो नवा नकाशा दिला तो पुन्हा अपुरा ठरला, आणि अखेर न्यायालयानें नेमलेल्या माणसाकडून संघ आंखून घ्यावे लागले. २०२४ ची निवडणूक त्या आंखणीप्रमाणें झाली. तींत जो दुसरा संघ नव्यानें बसविलेला होता, त्याच्या रेघेच्या आंत माँटगोमेरी होतें आणि टस्कीगीहि होतें.